तीन वर्षांचं वाक्य

मुलांनो, परवा चौथीच्या वर्गात एक गंमत झाली. मधल्या सुट्टीत एका मुलाने डब्याला गुंडाळलेला इंग्रजी पेपर खाली पसरला होता. पोळी खाता खाता तो अक्षरं लावत होता. घंटा झाली तसा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, जज्जसाहेब तीन वर्षांचं वाक्य कसं काय सांगतात?"

मला काही कळेना. पेपर पाहिला तेव्हा उलगडा झाला. बातमीत शब्द होता 'सेंटेन्स'. आता सेंटेन्स म्हणजे वाक्य, हे मीच तर शिकवलेलं! मग कुणाला तीन वर्षांचं सेंटेन्स झालं, म्हणजे तीन वर्षं चालणारं वाक्यच की!

हसू नका हं. त्याचं काही चुकलं नव्हतं, माझं शिकवणं अर्धं राहिलं होतं. हा शब्द लॅटिनमधून आला. तिथे त्याचा अर्थ मत, निवाडा. न्यायाधीशांनी निवाडा देऊन सुनावली ती शिक्षाही सेंटेन्स, आणि मनातलं मत पुरतं सांगतं ते वाक्यही सेंटेन्स. एकाच आजीची दोन नातवंडं!

त्या दिवसापासून आम्हाला नादच लागला. पुस्तकात ओळख झालेले साधे शब्द पेपरात कोणता पोशाख घालून फिरतात ते बघायचं. राजकारणाच्या आणि कोर्टाच्या बातम्यांत तर असे शब्द पोत्याने सापडतात. तुम्ही बसता तो 'बेंच', पण मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूरचं खंडपीठ इंग्रजी पेपरात 'नागपूर बेंच' होतं. 'बार' म्हणजे आडवा दांडा. जुन्या इंग्लंडात कोर्टात असा कठडा असे, त्यावरून सगळ्या वकीलवर्गालाच 'बार' म्हणू लागले.

'फ्लोर' म्हणजे फरशी, होय ना? मग 'फ्लोर टेस्ट' म्हणजे काय, फरशी घासून बघायची? ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. आर. बोम्मई खटल्याचा निकाल दिला. सरकारच्या पाठीशी बहुमत आहे की नाही, हे सभागृहात मोजून ठरवावं, राज्यपालांनी आपल्या मनाने ठरवू नये, असं त्यात सांगितलं. ते मोजणं म्हणजे फ्लोर टेस्ट. विज्ञानात 'मोशन' म्हणजे गती, संसदेत मात्र ठराव. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान झालं. बाजूने २६९, विरुद्ध २७०. एका मताने सरकार गेलं! 'मोशन ऑफ कॉन्फिडन्स' हे शब्द माझ्या वर्गाला या एका मतामुळेच पाठ झाले.

'व्हिप' म्हणजे चाबूक. इंग्लंडात कोल्ह्याच्या शिकारीत कुत्र्यांचा कळप असे. भरकटणाऱ्या कुत्र्यांना वळवून आणायला एक माणूस चाबूक घेऊन हिंडे. त्यावरून पक्षाच्या खासदारांना एकत्र ठेवणारा तो व्हिप, आणि त्याने काढलेला आदेशही व्हिप. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे तो मोडला तर सदस्यत्वसुद्धा जाऊ शकतं. (खासदारांना हा शब्द आवडत असेल का, कुणास ठाऊक!) आणि 'हंग पार्लमेंट'? इथे मात्र आपली मराठी इंग्रजीपेक्षा सरस. कुणालाच बहुमत नाही, अशा लोकसभेला आपण 'त्रिशंकू' म्हणतो. स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यामध्ये लटकत राहिलेल्या राजाची गोष्ट माहीत असली की शब्द वेगळा पाठ करावाच लागत नाही.

पण एक जोडी अशी आहे, की तिथे चुकलं तर हसून सोडून देता येत नाही. 'अक्यूज्ड' आणि 'कन्व्हिक्ट'. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांवर खटला झाला. पेपरात नाव आलं. बातमीत 'अक्यूज्ड' असं स्वच्छ छापलं होतं, पण पोरांच्या तोंडात सिनेमातला 'कन्व्हिक्ट' बसलेला. तीन दिवस तो शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी आला आणि दप्तर मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसून राहिला.

मी गणिताचा तास बाजूला ठेवला. कुणाचं नाव न घेता दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले आणि विचारलं, "बॉलरने ओरडून अपील केलं की बॅट्समन आउट होतो का?"

"नाही बाई! अंपायरने बोट वर केलं तरच!"

मग सोपं झालं. अपील झालेला तो अक्यूज्ड, म्हणजे आरोपी. न्यायालयाने दोषी ठरवलेला तो कन्व्हिक्ट. अपील झालं म्हणून कुणी बॅट काखेत मारून तंबूत जातं का? तसंच 'बेल' आणि 'अक्विटल' यांचं. खटला चालू असताना जामिनावर बाहेर येणं म्हणजे बेल, तर खटला चालून निर्दोष सुटणं म्हणजे अक्विटल. मराठी मथळ्यात दोन्हीकडे नुसतं 'सुटका' असं छापलेलं असू शकतं, म्हणून खालची बातमी वाचावीच. 'अलेज्ड' हा बारका शब्दही सोडू नका. मराठीत त्याला 'कथित' म्हणतात. तो वगळला की 'असा आरोप आहे' याचं 'असंच घडलं' होऊन जातं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरांनी त्या मुलाला पहिली बॅटिंग दिली. खटला अजून चालू आहे.

आता तुम्ही हे घरी कसं कराल? एकाच दिवसाचा एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर घ्या. शेजाऱ्यांकडचा, वाचनालयातला, कालचासुद्धा चालेल. आधी मराठी बातमी वाचा, मग तीच इंग्रजीत शोधा. माणसांची नावं, गावं आणि आकडे दोन्हीकडे सारखेच असतात, त्यांना धरून पुढे सरका. अडलेले तीनच शब्द वहीत उतरवा, दहा नकोत. समोर मराठी बातमीतला शब्द लिहा आणि शब्दकोश सगळ्यात शेवटी उघडा. पालकांनो, लहान मुलांसाठी निवडणुकीची, अधिवेशनाची बातमी निवडा, खुनामारामारीची नको. आणि शब्द विचारून परीक्षा घेऊ नका, शेजारी बसून वाचा. तुम्हालाही एखादा अडेलच!

या आठवड्यात 'समन्स' आणि 'रिमांड' हे दोन शब्द शोधा पाहू. एकात कोर्ट बोलावून घेतं, दुसऱ्यात कोठडीत पाठवतं. कोणता कोणता, ते बातमीच सांगेल.