चाक की नाक

सीमाशुल्काच्या दरपत्रकात फोटोचे कॅमेरे 9006 या शीर्षाखाली येतात. त्याच दरपत्रकाच्या शेवटाकडे 9706 आहे: शंभर वर्षांहून जुन्या पुरातन वस्तू. न्हावा शेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटाकडे उमेदीची सगळी वर्षं कारकुनी केलेल्या काकांनी हे दोन आकडे मला सांगितले आणि लगेच विचारलं, “पण ताई, कॅमेऱ्याला जन्मदाखला कुठे असतो?” या प्रश्नापायीच मी त्यांच्या घरी गेले.

नोकरीत त्यांचं काम कागद आणि माल जुळवण्याचं होतं. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ एन्ट्री, कंटेनरचं सील. आता त्यांच्या कपाटात आहे तो जुन्या कॅमेऱ्यांचा बिनकागदाचा माल. मुंबईच्या चोर बाजारातून, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंतून, भंगारवाल्यांकडून आलेला. मुंबईच्या दिलीश पारेख यांनी 1977पासून जमवलेल्या 4,425 कॅमेऱ्यांची गिनेस बुकात नोंद झाली, हे काका आदरानं सांगतात. स्वतःकडे किती आहेत, ते मात्र त्यांनी मोजलेलं नाही. त्यांचा जीव ओळख पटवण्यात आहे.

ओळख पटवताना नाव सर्वांत शेवटी वाचायचं, हा त्यांचा नियम. आधी पाठ उघडायची. फिल्मचं रीळ 120चं की कोडॅकच्या 620चं, म्हणजे जरा बारीक दांडीचं, ते बघायचं. मग शटरचे आकडे. 25, 50, 100 असे असतील तर कॅमेरा बहुधा 1950च्या दशकाच्या मध्याआधीचा. 30, 60, 125 असतील तर त्यानंतरचा. फ्लॅशची वायर लावायला जागाच नसेल तर आणखी मागे जायचं. जर्मन कॉम्पर शटरवर वेग बदलायची छोटी तबकडी वरच्या बाजूला असेल तर साधारण 1930पर्यंतचा. कडेची अख्खी रिंग फिरत असेल तर पुढचा. जपानी कॅमेऱ्याच्या बुडाशी ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ कोरलेलं असेल तर तो 1952नंतरचा असू शकत नाही, कारण तेव्हा दोस्त राष्ट्रांचा ताबा संपला. मग अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावून भोकं शोधायची, भिंगात बुरशीचं जाळं आहे का ते बघायचं. खाडीकाठच्या घरात ते असतंच.

एवढं झाल्यावर त्यांनी पिवळ्या मुलाम्याचा एक कॅमेरा माझ्या हातात ठेवला. वर ‘लायका’ कोरलेलं, शेजारी नाझी गरुड. पहिला लायका 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला, म्हणजे 2025 साली या नावानं शंभरी गाठली. शंभर हा आकडा आला की काकांचा आवाज बदलतो. दरपत्रकातली रेघ त्यांना आजही दिसत असावी. त्यांनी आटे फिरवून भिंग काढलं आणि मला आत बघायला लावलं. वरच्या बाजूला एक छोटा दांडा, भिंगाच्या मागच्या कडेला टेकणारा. “त्याच्या टोकाला काय आहे? चाक की नाक?” खऱ्या लायकात तिथे फिरतं चिमुकलं चाक असतं. इथे चोचीसारखं घडीव टोक होतं. नाक.

म्हणजे सोव्हिएत कॅमेरा, फेड किंवा झोर्की, नंतर कुणीतरी नाव कोरून विकलेला. मी ‘नकली’ म्हटलं, ते त्यांना रुचलं नाही. खार्किवमधल्या निराधार मुलांच्या श्रमवसाहतीत 1934पासून फेड बनायला लागला, हे त्यांनी मला सावकाश सांगितलं. वरचं नाव खोटं, आतलं यंत्र खरं. मला हे पटलं. खोटेपणा कोरणाऱ्याचा; यंत्र जुळवणाऱ्या हातांचा त्यात काय दोष?

पण मी परत परत त्या घरी गेले ते या लायकासाठी नाही. कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांचा एक डबा आहे. तो उघडला की व्हिनेगरचा वास नाकात शिरतो. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की हाच वास येतो. डब्यात काळी-पांढरी, चौकोनी निगेटिव्ह आणि आगफा क्लिक थ्री: बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला, 120च्या रिळावर बारा चौकोनी फोटो काढणारा साधा कॅमेरा. एके काळी मध्यमवर्गीय घरात पहिला कॅमेरा यायचा तो बहुतेक वेळा हाच. संग्राहकाला त्याचे पैसे नगण्य. हा डबा शेवा कोळीवाड्यातल्या एका कुटुंबाचा. न्हावा शेवा बंदरासाठी तो कोळीवाडा 1980च्या दशकात उठवला गेला, उरणजवळ बोरीपाखाडीला वसवला गेला, आणि तिथल्या घरांना वाळवीनं पोखरलं. 26 मे 1989 रोजी बंदर सुरू झालं.

काकांनी एक निगेटिव्ह खिडकीशी धरली. अंगणात वाळत घातलेली जाळी, मागे होड्या. चौकटीच्या उजव्या कडेला एक बारीकशी खाच. मग त्यांनी क्लिक थ्रीची पाठ काढली आणि फिल्म जिथे ताणून बसते त्या खिडकीच्या कडेवर माझं बोट ठेवलं. साच्यातून निघताना राहिलेला प्लास्टिकचा कण लागला. कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं, त्यामुळे खाच कुठल्या बाजूला यायला हवी तेही त्यांनी हाताने फिरवून दाखवलं. डब्यातल्या प्रत्येक निगेटिव्हवर ती खाच आहे. जन्मदाखला नसलेल्या कॅमेऱ्यानं गाव बघितल्याचा इतका पक्का पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

सरकारी हिशेबात हा डबा पुरातन नाही. शंभर वर्षं, काका पुन्हा म्हणाले. पण इथल्या दमट उष्म्यात ही फिल्म शंभरी बघणार नाही, आणि कुजणाऱ्या फिल्मची आम्लवाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बिघडवते. म्हणून लायका मागे ठेवून आधी असे डबे उघडायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं. काकांनी वास येणाऱ्या निगेटिव्ह वेगळ्या काढून कागदी पाकिटांत घातल्या आहेत. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर ठेवून एकेकीचा फोटो घेणं चालू आहे. बोरीपाखाडीच्या घरांतून आणखी कुणाकडे क्लिक थ्री किंवा नुसतीच निगेटिव्ह असतील, तर पावसाळ्याआधी आणून द्या, असा निरोप त्यांनी धाडला आहे.