मोआची हाडं आणि शहामृगाचं कवच

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगून पूर्ण झाली. साधारण त्याच पिढीत, पॅसिफिक महासागराच्या दक्षिणेकडच्या एका किनाऱ्याला काही होड्या लागत होत्या. त्यांतून उतरलेली माणसं आजच्या माओरींचे पूर्वज. त्यांनी पाय ठेवला त्या भूमीवर तोवर माणसाची वस्ती झालेलीच नव्हती. तीच भूमी म्हणजे आजचा न्यूझीलंड. अंटार्क्टिका वगळली, तर माणसाने वसवलेला हा शेवटचा मोठा भूभाग. आकाराने महाराष्ट्राहून थोडाच लहान.

इकडे गीता मराठीत बोलू लागली होती, शेकडो वर्षांची भाषा, पंथ, राजघराणी मागे उभी होती. आणि तिकडे पहिली चूल पेटत होती. मग प्रश्न पडतो, इतिहास कुठला जास्त रंगतदार? हजारो वर्षं नांदलेल्या भूमीचा, की काल-परवा वसलेल्या भूमीचा?

उत्तर देण्याआधी हे बघू, की ती पहिली चूल कधी पेटली हे कळलं कसं. तेव्हाचा लिखित पुरावा नाही. पुरावा दिला उंदरांनी. माओरींच्या होड्यांतून ‘किओरे’ नावाचा छोटा उंदीर आला. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली, तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता, आणि एवढा समुद्र उंदराला पोहून ओलांडता येत नाही. म्हणजे उंदीर आला तो माणसाबरोबरच. आता तिथल्या दलदलीत शतकानुशतकं साचलेल्या झाडांच्या बिया घ्या. पक्ष्याने फोडलेलं कवच वेगळं दिसतं आणि उंदराने कुरतडलेलं वेगळं. उंदराच्या पुढच्या दोन दातांचे अरुंद चर टणक कवचावर स्पष्ट उमटतात. संशोधकांनी अशा बियांचं कार्बनच्या पद्धतीने वय काढलं. कुरतडलेली एकही बी साधारण १२८० च्या फारशी मागे गेली नाही. नखाएवढ्या बीवरच्या दोन चरांनी एका देशाचा जन्मकाळ सांगितला!

त्या पहिल्या माणसांसमोर काय उभं होतं? मोआ. नऊ जातींचे, पंख नसलेले पक्षी. शहामृगाला निदान नावापुरते पंख असतात. मोआला पंखाचं हाडसुद्धा नव्हतं. सगळ्यांत मोठ्या जातीची मादी मान ताणून उभी राहिली, तर साडेतीन मीटर उंचीवरचा पाला खाऊ शकत असे. वजन दोनशे किलोच्या पुढे. या पक्ष्याला एकच शत्रू, हास्टचा गरुड, आजवर माहीत असलेल्या गरुडांत सर्वांत मोठा. माणसासारख्या शिकाऱ्याची ओळख मोआला कधी नव्हतीच.

जेमतेम दीडशे वर्षांत मोआ संपले. त्यांच्यावर जगणारा गरुडही गेला. तेव्हा माणसांची संख्या फार तर काही हजारांत असावी. मोआचा इतका विसर पडला, की १८३९ साली लंडनमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या हाती हाडाचा एक तुकडा आला, तेव्हा तो कशाचा हे कोडंच होतं. वीतभरही नसलेला, दोन्ही टोकं मोडलेला तुकडा. ओवेन यांनी तो निरखला आणि जाहीर केलं, की न्यूझीलंडमध्ये शहामृगासारखा प्रचंड पक्षी होऊन गेला आहे. चार वर्षांनी तिथून हाडांची पेटी आली आणि त्यांचा शब्द खरा ठरला.

मोआ संपवणारी हीच माणसं येताना रताळी घेऊन आली होती. रताळं मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबसाच्या कितीतरी आधी ते पॅसिफिक बेटांवर पोचलं होतं आणि तिथून माओरींबरोबर न्यूझीलंडला आलं. आपल्याकडे ते कोलंबसानंतर, उलट्या दिशेने आलं. म्हणजे आपल्या एकादशीच्या ताटात रताळं येण्याच्या आधी माओरी ते पिकवत होते, तेही उष्ण हवेतल्या पिकाला नकोशा थंडीत. जमीन उबदार राहावी म्हणून ते मातीत वाळू आणि खडी मिसळत, आणि हिवाळ्यासाठी रताळी खड्ड्यांत साठवत. दोनेकशे वर्षांत त्यांनी टेकड्यांवर तटबंदीची गावं उभारली, हिरव्या दगडाची कोरीव कला घडवली. कोणता कुळसमूह कुठल्या होडीतून आला, ते आजही नाव घेऊन सांगतात: ताइनुई, ते आरावा, माताआतुआ.

आता पुन्हा नेवाशाला येऊ. तिथल्या लाडमोड टेकाडावर १९५४ पासून पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. वरच्या थरात मध्ययुगीन वस्ती. तिच्याखाली सातवाहन काळ, आणि त्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरं. त्याखाली तीन हजार वर्षांहून जुनी ताम्रपाषाणयुगीन घरं. घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेले मातीचे कुंभ, आणि त्यांत पुरलेली लहान मुलं. मधल्या काही शतकांत तर गाव ओसच होतं. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधीची दगडी हत्यारं प्रवरेच्या खडी-गोट्यांत सापडतात.

इतकं सगळं एका गावात! पण इथला पहिला माणूस कुठून आला? त्याने काय आणलं, त्याच्या येण्याने काय गेलं? लाडमोडचं टेकाड याचं उत्तर देत नाही.

इथेच मला जळगाव जिल्ह्यातलं पाटणे आठवतं. चाळीसगाव तालुक्यातल्या या ठिकाणी उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा मिळाला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. त्यावर कुणीतरी आडव्या-तिरक्या रेषांची नक्षी कोरली आहे. महाराष्ट्रात शहामृग होते! आणि न्यूझीलंडमधल्या वैराउ बार या जागी, अगदी पहिल्या माओरींच्या दफनभूमीत, भोक पाडलेलं, पाण्याच्या बाटलीसारखं वापरता येईल असं मोआचं अंडं सापडलं; १९३९ साली एका शाळकरी मुलाला. दोन टोकांच्या देशांत, २४ हजारांहून अधिक वर्षांच्या अंतराने, माणसाने मोठ्या पक्ष्याच्या अंड्यावर हात चालवला. मोआ कोणत्या शतकात संपले, का संपले, हे सांगता येतं. आपला शहामृग मात्र का गेला, पाऊसमान बदललं म्हणून की शिकारीने, याचा निवाडा झालेला नाही.

म्हणून मला वाटतं, की जुन्या भूमीत घडलेलं पुष्कळ असतं, पण नव्या भूमीत घडताना दिसतं. प्रत्येक जुनी भूमी कधीतरी नवी होती. नेवाशातही कुणीतरी पहिल्यांदा नदीकाठी उतरलं होतं, कुठलंतरी जनावर त्याला पाहून पळालं नव्हतं. त्या दिवसाचं पान आपल्याकडे फाटून गेलं आहे. न्यूझीलंडकडे ते शाबूत आहे. नव्या देशाचा इतिहास वाचला, की जुन्या देशाला कोणते प्रश्न विचारायचे ते कळतं. बीवरचे दातांचे चर बघायचे, हे ज्याला सुचलं, तो उद्या आपल्या मातीतही अशा बारीकसारीक खुणा शोधेल.

पण त्यासाठी माती जागेवर राहायला हवी. न्यूझीलंडमध्ये १९०० पूर्वीच्या वस्तीची जागा परवानगीशिवाय उकरणं गुन्हा आहे. वैराउ बारला मिळालेले पूर्वजांचे अवशेष रांगिताने या माओरी कुळाकडे परत दिले गेले आणि २००९ मध्ये सन्मानाने तिथेच पुन्हा पुरले गेले. आपल्या गावोगावी नदीकाठाला पांढरीची टेकाडं आहेत, राख आणि पडक्या मातीच्या भिंती यांनी शतकानुशतकं रचलेली. त्यांतली थोडीच संरक्षित आहेत. बाकीची शेत सपाट करायला, खताला, भरावाला उकरली जातात. गावच्या पांढरीवर खापरं दिसली, तर ती तिथेच राहू द्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. सातशे वर्षांच्या देशाने उंदराच्या दातांच्या खुणांवरून आपली सुरुवात वाचली. आपल्यापाशी त्याहून कितीतरी खोल माती आहे, आणि ती वाचायला आत्ता कुठे सुरुवात झाली आहे.