खार, वाफ आणि टोपीचा पट्टा

जुन्नर-आंबेगावच्या आठवडे बाजारात पांढऱ्या टोप्या अजून भरपूर दिसतात. त्यातली एखादी उलटी करून पाहा. कपाळाला टेकणारा पट्टा पिवळट असतो. टोपी धूत नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. साबणाने धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलेली टोपीसुद्धा कपाटातच पिवळी पडते.

यात घामापेक्षा अंगच्या तेलाचा दोष मोठा. या तेलात स्निग्धाम्लं, मेणं आणि सुमारे 12 टक्के स्क्वालीन असतं. ताजं तेल रंगहीन, म्हणून कपडा स्वच्छ वाटतो. थंड पाण्यात ते पुरतं सुटत नाही. धाग्यात उरलेला अंश हवेतला प्राणवायू घेत राहतो आणि काही महिन्यांनी रंग धरतो. जवसाचं तेल जुनं झालं की पिवळं पडतं, तोच हा प्रकार.

बारा बलुतेदारांतला परीट नेमका या तेलाच्या मागे लागलेला असे. पापडखाराच्या पाण्यातून काढलेले कपडे तो उकळत्या हंड्यावर रचायचा आणि खाली जाळ घालायचा. हीच त्याची भट्टी. ढिगातून वाफ वर चढली की तेल पातळ व्हायचं, खार त्यातल्या स्निग्धाम्लांचा साबण करायचा. म्हणजे मळानेच मळ धुतला जाई! या धंद्यातली खरी हुशारी मला इथे दिसते. मग नदी गाठायची. जुन्नरला कुकडी, घोडेगावला घोड. दगडावर आपटून, पिळून कपडे उन्हात पडत. ऊन थोडा पिवळेपणा उडवी, उरलेला नीळ झाकून टाकी.

कपडा कुणाचा ते कळावं म्हणून परीट बिब्ब्याची खूण करी. बिब्ब्याचं तेलही हवेनेच काळं होतं, पण ते भट्टीला दाद देत नाही. एक तेल काढायचं, दुसरं मुद्दाम ठेवायचं!

1959 साली सर्फ आलं, 1969 साली निरमा. तरी भट्टीला खरा धक्का टेरिकॉटने दिला असं मला वाटतं. त्यातलं पॉलिएस्टर तेल घट्ट धरून ठेवतं, आणि भट्टीत घातलं तर त्याच्या सुरकुत्या कायमच्या बसतात.

सुती टोपीला आजही गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि कडक ऊन पुरतं. लग्नातलं रेशमी उपरणं मात्र सोड्यात घालू नये. खार रेशीम खातो. ते सौम्य साबणाच्या कोमट पाण्यातून काढावं, सावलीत वाळवावं आणि मगच ट्रंकेत ठेवावं, एकदाच अंगावर घेतलेलं असलं तरी.