तान्ह्याच्या पोटातला वायू

दिवसभर शहाण्यासारखे निजलेले, पिऊन तृप्त झालेले तान्हे मूल दिवेलागणीच्या सुमारास एकाएकी लालबुंद होऊन, मुठी आवळून, गुडघे पोटाशी घेऊन किंचाळू लागले, म्हणजे घरातील यच्चयावत् माणसे वैद्य होतात. कोणी ‘वारा धरला’ असा निर्वाळा देऊन हिंग कालवावयास बसते, कोणी मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढते, कोणी बाळंतिणीने दुपारी खाल्लेल्या पावट्याच्या उसळीची चौकशी आरंभते. आणि ज्या एका व्यक्तीस या वेळी धीराची खरी गरज असते, त्या मुलाच्या आईलाच सर्वांना जबाब द्यावा लागतो.

वायू पोटात शिरतो कसा, याचा खुलासा कठीण नाही. दूध ओढणारे मूल घोटाबरोबर थोडी हवा गिळते. भुकेने कासावीस होऊन रडत असताना पाजावयास घेतले तर अधिक गिळते. आणि नुसते रडतानाही गिळतेच. मोठ्या माणसाच्या पोटातील अशी हवा बसल्या-उभ्याने ढेकरावाटे निघून जाते. तान्हे मूल मात्र बहुतेक काळ पाठीवर निजलेले असते, आणि त्या स्थितीत जठराचे वरचे तोंड मागच्या बाजूस येऊन दुधाखाली बुडते, तर हलकी हवा पुढच्या बाजूस, पोटाच्या कातडीकडे, तरंगत राहते. वाट अशी अडल्यावर ती हवा एक तर पुढे आतड्यात सरकते, किंवा मूल उभे धरताच दुधाची गुळणी बरोबर घेऊन बाहेर येते. आतड्यातील उरलेला वायू तेथेच उत्पन्न होतो: दुधातील साखरेचा जो अंश पचनातून निसटतो, त्यावर मोठ्या आतड्यातील जंतू आपला निर्वाह करतात. ही क्रिया निरोगी मुलातही अहोरात्र चालू असते. सबब तान्ह्याने दिवसातून अनेकदा सशब्द वायू सोडला तर त्याची दखल घेण्याचे कारण नाही.

ढेकर काढण्याची रीत या शरीररचनेतूनच निघते. मुलाची हनुवटी आपल्या खांद्यावर टेकेल इतके त्याला वर घ्यावे, एका हाताने बूड सावरावे आणि दुसऱ्या हाताचा तळवा कमरेपासून मानेकडे सावकाश फिरवावा. थोपटायचे तर हलक्या हाताने, धपाटे घालून नव्हे. किंवा त्याला मांडीवर बसवून किंचित पुढे कलवावे आणि आपला तळहात त्याच्या छातीवर ठेवून अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यात हनुवटी तोलून धरावी. मात्र गळ्यावर दाब येता कामा नये. जागेपणी मांडीवर पालथे घेऊन पाठ चोळली तरीही चालते, परंतु निजवताना मूल पाठीवरच निजवावे. चार-पाच मिनिटांत ढेकर आला नाही तर तो विषय सोडून द्यावा. अंगावर नीट पिणाऱ्या मुलाला दर वेळी ढेकर येतोच असे नाही, आणि ढेकरासाठी झोपलेले मूल उठवून रडवणे म्हणजे निघालेली हवा पुन्हा आत भरणे होय. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तर नियमाने ढेकर काढलेल्या मुलांमध्ये पोटशूळ लक्षणीय कमी झाला नाही, उलट दूध ओकणे वाढले, असे आढळले. एवढ्यावरून ही रीत टाकून द्यावी असे मी म्हणणार नाही, कारण खांद्यावर उभे धरलेले मूल पुष्कळदा निवते हे कोणतीही आई सांगेल. पण ढेकर हे व्रत नव्हे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

खरा बंदोबस्त पाजतानाच करावयाचा असतो. मुलाच्या तोंडात केवळ स्तनाग्र न जाता त्याभोवतीच्या काळसर वर्तुळाचा बराचसा भाग गेला, हनुवटी स्तनाला टेकली आणि चुटचुट आवाजाऐवजी घोट गिळल्याचा आवाज येऊ लागला, की हवा फारशी आत जात नाही. मूल रडेपर्यंत थांबू नये. तोंड वळवून शोधणे आणि मूठ चोखणे ही भुकेची पहिली वर्दी असते. बाटलीने पाजावे लागत असेल तर मुलाचे डोके उंच ठेवून बाटली अशी कलती धरावी की बोंडात सदैव दूधच राहील. आता त्या पावट्याच्या उसळीविषयी. आईच्या आतड्यात झालेला वायू दुधात उतरत नाही; तेव्हा वरण, कोबी, वाटाणा यांच्यावर बंदी घालून बाळंतिणीला मेतकूट-भातावर ठेवण्यास आधार नाही. काही थोड्या मुलांना गाईच्या दुधातील प्रथिन सोसत नाही आणि आईने खाल्लेल्या दुधातुपाचा त्यांना त्रास होतो, हे खरे. पण त्याची परीक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी, सासरच्या मसलतीने नव्हे.

परंतु संध्याकाळच्या त्या आक्रोशाचा सगळा दोष वायूच्या माथी मारणेही न्याय्य नाही. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात, बोलता न येणाऱ्या बालकाची पीडा त्याच्या चेष्टांवरून कशी ओळखावी हे सांगताना, शूल झालेले मूल स्तन झिडकारते, रडते, त्याचे पोट ताठरते व तोंडावर घाम येतो, अशी लक्षणे दिली आहेत. निरीक्षण विलक्षण सूक्ष्म आहे. पण लक्षण अचूक टिपले म्हणजे कारण हाती लागले असे होत नाही. १९५४ साली न्यू हेवनच्या डॉ. मॉरिस वेसेल यांनी, दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडणाऱ्या, एरवी धडधाकट मुलाच्या त्रासालाच पोटशूळ हे नाव द्यावे असा दंडक घातला. त्यात वायूचा दाखला मागितलेला नाही. पुढे १९६२ साली बेरी ब्रेझल्टन यांनी ८० तान्ह्यांच्या रडण्याच्या नोंदी मातांकडून ठेवविल्या. तेव्हा असे दिसले की सर्वसाधारण मुलाचे रडणे जन्मानंतर वाढत जाऊन सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोहोचते, ते मुख्यतः संध्याकाळी असते, आणि मग आपोआप ओसरू लागते. रडताना गिळलेल्या हवेने पोट फुगते आणि फुगलेल्या पोटाकडे पाहून आपण त्यालाच रडण्याचे कारण समजतो, असा हा उलटा व्यवहार पुष्कळदा असतो.

सहाव्या आठवड्यात सुरू केलेला कोणताही इलाज दहाव्या आठवड्यात गुणकारी ठरतो, याचे रहस्य येथे आहे. आणि औषधांच्या कारखान्यांची पुष्कळशी पुण्याई याच हिशेबावर उभी आहे. नॉटिंगहॅमचे औषधविक्रेते विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ साली तयार केलेल्या ग्राइप वॉटरमध्ये शेपेचे तेल, सोडा व साखर यांबरोबर मद्यार्कही असे. मूल शांत होण्यात शेपेचा वाटा किती आणि मद्याचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. बुडबुडे फोडणाऱ्या सिमेथिकोनचे थेंब बहुधा अपाय करीत नाहीत, पण परीक्षेत ते नुसत्या औषधाभासाहून सरस ठरलेले नाहीत. पोटातील कळ थांबवण्यासाठी दिले जाणारे डायसायक्लोमिन मात्र सहा महिन्यांखालील मुलास मुळीच देऊ नये. त्याने श्वास अडू शकतो. आमच्या बाळगुटीविषयी लिहिताना लेखणी जरा अडखळते, कारण सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, जायफळ यांचे मोजके वेढे घेणाऱ्या आजीच्या हातात माया असते. परंतु जायफळाचा वेढा सैल सुटला तर मूल निजते ते गुंगीने, आणि चाटणासाठी घातलेला मध वर्षाखालील मुलास विषबाधा करू शकतो. पहिले सहा महिने पोटात आईच्या दुधावाचून काही जाऊ नये. बेंबीभोवती कोमट हिंगाचा लेप, तेलाचा हात, पाय सायकलीसारखे हलवणे यांस हरकत नाही. ओवा-वावडिंगाची धुरी मात्र बंद करावी. धुराने कोवळ्या फुप्फुसांना त्रास होतो.

हिरवी उलटी, शौचात रक्त, तट्ट फुगून कठीण झालेले पोट, जांघेत आलेली गाठ, पिण्यास नकार, मलूलपणा, किंवा तीन महिन्यांखालील मुलाला १००.४ अंशांचा ताप, यांपैकी काहीही दिसले तर हिंग-ओव्यात घटकाही न दवडता रुग्णालय गाठावे. तसेच रडण्याने जीव मेटाकुटीस आला तरी मुलास गदगदा हलवू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. अशा वेळी त्याला पाळण्यात ठेवून दहा मिनिटे बाजूला व्हावे. आणि घरातील वडीलधाऱ्यांना व विशेषतः बापमंडळींना एक विनंती आहे: दिवेलागणीचा तो एक तास मूल आपल्या खांद्यावर घ्या, आणि त्याच्या आईला गरम जेवण वाढा.