ग्वाल्हेरच्या माथ्यावरचा चंद्र

ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, सुमारे 26.2 अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे तिथे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. चंद्र मात्र येऊ शकतो! चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. म्हणून 18.6 वर्षांच्या चक्रात एकदा तो 28.5 अंश उत्तरेपर्यंत सरकतो. 2025 च्या सुमारास तसे घडले.

हा सोबती सरासरी 3,84,400 किलोमीटर दूर आहे. त्याचा व्यास 3,474 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या पाव भागाहून किंचित जास्त. वस्तुमान मात्र अवघे एक्याऐंशीवा हिस्सा. गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश असल्याने त्याला दाट हवा धरून ठेवता आली नाही.

ग्वाल्हेरकरांनो, हिवाळ्यातली पौर्णिमा गच्चीवरून मध्यरात्री जरूर पाहा. तेव्हा चंद्र सर्वांत उंच असतो.