‘गाडी डुलते’ : एका तक्रारीचा अर्थ आणि तिचे निदान

लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारसायकलीचा चालक दुरुस्तीसाठी येतो, तेव्हा तो सहसा बिघाड सांगत नाही, एक संवेदना सांगतो. ‘गाडी बरोबर वाटत नाही’, ‘गाडी डुलते’, ‘गाडी झोल मारते’, ‘हँडल हलकं लागतं’ ही त्याची नेहमीची वाक्ये होत. यांपैकी बहुतेकांचा कर्ता ‘गाडी’ हा असतो. टायर, चाक किंवा बेअरिंग नव्हे. हे चालकाच्या अज्ञानाचे लक्षण मानणे अन्यायाचे होईल. चालकाचा गाडीशी संबंध हात, बैठक आणि पाय एवढ्या तीन ठिकाणीच येतो, आणि कोणत्याही भागात उत्पन्न झालेला दोष या तीन वाटांनीच त्याच्यापर्यंत पोहोचतो. तो संपूर्ण गाडीला कर्तेपद देतो, कारण त्याच्या अनुभवात ती अखंडच असते. तथापि या मोघम वाक्याचा अर्थ चुकीचा लावला गेल्यास परिणाम केवळ शाब्दिक राहत नाही. भलताच भाग बदलला जातो, आणि सदोष टायर पुढील घाटापर्यंत जसाच्या तसा जातो.

प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे, की ही तक्रार वाटते तितकी संदिग्ध नसते. तिच्यातील क्रियापदाकडे नीट लक्ष दिले आणि चालकाने न सांगितलेली परिस्थितिवाचक क्रियाविशेषणे त्याच्याकडून मिळवली, तर निदानाचा मोठा भाग पाना हाती घेण्यापूर्वीच पुरा होतो.

प्रथम क्रियापद घेऊ. मराठी चालकांच्या बोलण्यात ‘डुलणे’, ‘झुलणे’, ‘हेलकावे खाणे’ हा एक गट आढळतो, तर ‘थरथरणे’, ‘फडफडणे’, ‘लटलटणे’ हा दुसरा. दुसऱ्या गटात अभ्यस्त धातू आहेत, आणि आवृत्तीने जलद पुनरावृत्ती सुचवणे ही मराठीची परिचित रीत आहे. (‘डगमगणे’ या नियमात सुखाने बसत नाही, अशा क्रियापदाच्या बाबतीत चालकाला पुन्हा विचारावे हे बरे.) यंत्रशास्त्रानेही हाच भेद स्वतंत्रपणे केलेला आहे. रॉबिन शार्प यांनी 1971 साली मोटारसायकलीच्या स्थैर्यावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात टायर बाजूला किंचित घसरतो व त्याचे बाजूचे बल क्षणभर उशिरा उत्पन्न होते, ही गोष्ट गणितात धरलेली होती. त्यातून एका बाजूस कलंडण्याच्या प्रवृत्तीखेरीज दोन निरनिराळी दोलने स्पष्ट झाली. एकात संपूर्ण गाडी, विशेषतः तिचा मागील भाग, सेकंदास सुमारे दोन ते चार वेळा डावी-उजवीकडे डुलतो. दुसऱ्यात मुख्यतः हँडल व पुढील चाक हलतात, आणि तेही सेकंदास साधारणतः सहा ते दहा वेळा. पहिले दोलन वेग वाढेल तसे प्रबळ होत जाते. दुसरे बहुधा मध्यम वेगात, विशेषतः वेग कमी होत असताना, प्रकट होते. व्यवहारात खूण सोपी आहे : मनातल्या मनात मोजता येईल ते डुलणे, मोजता येणार नाही ते थरथरणे. डुलणाऱ्या गाडीचे मागील चाक, मागील टायर व सामान प्रथम पाहावे. थरथरणाऱ्या गाडीचे पुढील चाक, पुढील टायर आणि हँडलच्या मानेतील बेअरिंग, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील कोनसेट.

क्रियापदानंतर परिस्थिती. सरळ रस्त्यावर की वळणात? ब्रेक लावताना की वेग घेताना? एकट्याने की मागे माणूस व सामान असताना? आणि केव्हापासून : टायर बदलल्यापासून, सर्व्हिसिंग झाल्यापासून, की नकळत हळूहळू? यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा सर्वांत मोलाचे असते, आणि तोच सहसा विचारला जात नाही.

आता टायरकडे वळू, कारण मोघम तक्रारींचा उगम फार वेळा तेथेच असतो. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग तळहाताएवढा असतो, आणि चालकाची प्रत्येक इच्छा त्यातूनच रस्त्यापर्यंत जाते. पुढील टायरमध्ये हवा कमी असल्यास हँडल जड व मंद होते, गाडी वळणात झुकावयास कुरकुरते. मागील टायरमध्ये ती कमी असल्यास टायरच्या भिंती बाजूला वाकतात आणि सामानाने भरलेली गाडी मागून डुलू लागते. हवा उलट अधिक झाली तर टायर प्रत्येक खड्ड्यावर उसळतो व पकड कमी होते. मोजमाप टायर थंड असताना, म्हणजे निघण्यापूर्वीच घ्यावे. दर चौरस इंचास 30 पौंड हवा असलेला टायर 20 अंशांवरून 50 अंशांपर्यंत तापला, तर तेवढ्यानेच दाब सुमारे 34½ पौंड होतो; तापलेला टायर पाहून ‘हवा जास्त झाली’ असे म्हणत ती काढून टाकणे ही नित्याची चूक आहे.

दाबानंतर आकार. महामार्गावर हजारो किलोमीटर सरळ धावलेला मागील टायर मध्यभागी झिजून सपाट होतो, कडा मात्र शाबूत राहतात. नक्षी अजून पुरेशी खोल दिसते, म्हणून त्याचा संशय येत नाही. अशी गाडी वळणाच्या आरंभी झुकण्यास विरोध करते, आणि सपाट भागाची कड ओलांडताच एकदम आत पडते. रस्त्यावरील लांबट सांधे व चर चाकाला आपल्या दिशेने ओढतात. टायरच्या माथ्यावर आडवा तळहात ठेवला, तर गोलाई आहे की पठार, हे डोळ्यांपेक्षा लवकर कळते. वयही पाहावे. टायरच्या बाजूवरील चार अंकांत पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात : 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. शिवाय फिरण्याच्या दिशेचा बाण बरोबर आहे ना, आणि रिमलगतची बारीक रेषा सर्वत्र सारख्या अंतरावर आहे ना, हे नवा टायर बसवल्याबरोबर पाहावे. ती रेषा एखाद्या ठिकाणी आत गेली असेल, तर टायर रिमवर नीट बसलेला नाही.

निदानाची रीत वर्णनात्मक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. ‘काल’ आणि ‘गाल’ यांत एकाच ध्वनीचा भेद आहे, म्हणूनच तो भेद अर्थभेदक ठरवता येतो. दोन ध्वनी एकदम बदलले तर काहीच सिद्ध होत नाही. गाडीतही एका वेळी एकच गोष्ट बदलावी व त्याच रस्त्यावर, त्याच सामानासह ती चालवून पाहावी.

परिचयातील एका चालकाची हकीकत येथे नमूद करण्यासारखी आहे. पुणे-कोल्हापूर मार्गावर, दोन्ही बाजूंना पेट्या व मागे खोका लादलेला असताना, ताशी नव्वदच्या सुमारास त्याची गाडी डुलू लागे. एका कारखान्यात ‘वॉबल’ हा शब्द ऐकताच कोनसेट आवळून देण्यात आला. परिणामी गाडी हळू वेगातही सरळ चालेना. ती सतत इकडून तिकडे भटकू लागली. याचे कारण असे, की दुचाकी तोल सांभाळताना हँडलला सूक्ष्म हालचाली करू देते, आणि आवळलेली मान त्या हालचालीच रोखते. मूळ तक्रार मोजता येण्याजोग्या डुलण्याची होती, थरथरीची नव्हती. एका परक्या शब्दाने दोन मराठी क्रियापदांतील भेद पुसला गेला होता. पुढे दुसऱ्या कारागिराने पुढील चाक उचलून कोनसेट असा जुळवला, की हँडल स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंस न अडखळता पडेल, आणि भटकणे थांबले. मग मागील हवा मोजली : 32 पौंडांच्या जागी 20 भरली, कारण ट्यूबच्या व्हॉल्व्हमधून ती मंदपणे झिरपत होती. व्हॉल्व्ह नीट करून हवा भरल्यावर डुलणे बहुतांशी गेले. वळणात एकदम आत पडणे मात्र उरले, ते टायर बदलल्यावर संपले. तीन दोष, तीन क्रियापदे. तक्रार एकाच वाक्याची.

टायर निर्दोष ठरल्यावरच इतर भागांकडे जावे. ब्रेक लावताना मानेत खट्ट असा आवाज व धक्का जाणवला, तर कोनसेट सैल आहे. हँडल मध्यभागी खाचेत बसल्यासारखे अडत असेल, तर तो खचला आहे. वळणात गाडी मधोमध बिजागरी असल्यासारखी लचकते असे चालक म्हणाला, तर चिमट्याचे बुश पाहावेत. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणांवर विसंबू नये. दोरी लावून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, हे तपासावे. आरे सैल असणे व रिमला आउट असणे हेही याच यादीत येते. सामानाविषयी एवढेच, की मागील आसाच्याही मागे व उंचावर ठेवलेले ओझे पुढील चाक हलके करते आणि डुलण्याला बळ देते. जड वस्तू खाली व मध्याजवळ असाव्यात.

उंचीचा प्रश्न महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात लडाखला जाणाऱ्यांना पडतो. पुण्याची उंची सुमारे 560 मीटर, तर मनाली-लेह मार्गावरील तांगलांग ला खिंडीची सुमारे 5,300 मीटर. बाहेरील हवेचा दाब तेथे इतका घटतो, की तापमान तेच राहिल्यास गेजवर पुण्यापेक्षा सुमारे 6 पौंड अधिक दिसतील. खिंडीतील थंडी यातील काही भाग वजा करते, तरी आकडा बहुधा चढलेलाच राहतो. तो पाहून हवा काढलेली गाडी त्याच संध्याकाळी सखल रस्त्यावर उतरते, मागून डुलू लागते, आणि चालक दोष देतो तो प्रवासासाठी मुद्दाम घेतलेल्या नव्या टायरला.