घरातल्या नावांची वही घरातच हवी

दुबई सिलिकॉन ओएसिस ही ७.२ चौरस किलोमीटरची वसाहत मुळात तंत्रज्ञान व्यवसायासाठी उभारलेली. इथे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बरीच संगणक क्षेत्रातच आहेत. तरीही "प्रिंटर सापडत नाही", "फोटोंची डिस्क दिसत नाही" ही तक्रार ज्या घरात कधी होत नाही, असे घर विरळाच. त्यामागचे कारण आणि माझ्या घरी मी केलेली व्यवस्था या लेखात सांगतो.

दुबईत इमारतीच्या प्रत्येक प्रवेशद्वाराला दहा आकडी 'मकानी' क्रमांक असतो. पण पाहुण्याला बोलावताना आपण इमारतीचे नावच सांगतो. संगणकांचेही तसेच. यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसे नावांनी. नावावरून आकडा शोधून देणाऱ्या सेवेला डी.एन.एस., म्हणजे डोमेन नेम सिस्टिम म्हणतात.

ही सेवा येण्यापूर्वी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावरील सर्व संगणकांची एकच यादी असे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांचा गट ती सांभाळी आणि इतरांनी तिची प्रत उतरवून घ्यायची. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी योजना मांडली. तिचे सार असे की एक मोठी यादी नकोच. ज्याने त्याने आपल्या नावांची वही आपल्याकडे ठेवावी आणि विचारणाऱ्याला योग्य वहीकडे पाठवावे.

गंमत अशी की आपल्या घरात मात्र अशी वही बहुधा नसते. दूरसंचार कंपनीने दिलेला राउटर प्रत्येक यंत्राला १९२.१६८ ने सुरू होणारा एक आकडा उसना देतो. हे आकडे घरापुरतेच असतात. बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता नसतो. शिवाय ते बदलू शकतात. वीज जाऊन आली, राउटर नव्याने सुरू झाला, की काल १२ क्रमांकावर असलेला प्रिंटर आज १७ वर असू शकतो. पुष्कळ राउटर नावाचा प्रश्न सरळ कंपनीकडे धाडतात आणि आपल्या फोटोंच्या डिस्कचे नाव कंपनीला कुठून ठाऊक असणार? शेजारच्या फ्लॅटची चौकशी इमारतीच्या नातूरकडे करायची सोडून मुख्य पोस्टात जाऊन करावी, तसा हा प्रकार.

म्हणून घरातच एक नातूर नेमायचा. माझ्याकडे हे काम रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा संगणक करतो. त्यावर सायमन केली यांनी लिहिलेला 'डीएनएसमास्क' हा विनामूल्य प्रोग्राम चालतो. कामाचा क्रम असा:

पहिले, नातूरचा स्वतःचा आणि ज्यांना नाव द्यायचे त्या यंत्रांचे आकडे कायमचे राखून ठेवावेत. ही सोय बहुतेक राउटरमध्ये असते.

दुसरे, वहीत नाव आणि आकडा अशा जोड्या लिहाव्यात. घरगुती नावांसाठी 'होम डॉट आर्पा' हे आडनाव २०१८ पासून अधिकृतपणे राखीव आहे. 'डॉट लोकल' टाळावे. ते यंत्रे आपसात हाका मारून एकमेकांना शोधतात त्या वेगळ्या पद्धतीसाठी राखीव आहे आणि दोन्ही पद्धती एकमेकींच्या पायात येतात.

तिसरे, वहीत नसलेले नाव आले तर ते नेहमीप्रमाणे कंपनीच्या सेवेकडे पाठवावे. आलेले उत्तर नातूर ठरावीक काळ लक्षात ठेवतो, त्यामुळे तोच प्रश्न पुन्हा बाहेर जात नाही.

चौथे, "नावे या नातूरला विचारा" असे राउटरकरवी सर्व यंत्रांना कळवावे. काही राउटर हा बदल करू देत नाहीत. मग त्यांचे आकडे वाटण्याचे काम बंद करून तेही डीएनएसमास्ककडे द्यावे; मात्र घरात आकडे वाटणारा एकच असावा.

इथे एक मोह टाळावा. दुसरा पर्याय म्हणून कंपनीच्या सेवेचा आकडाही देऊन ठेवावा असे वाटते. पण यंत्रे दोघांपैकी कोणालाही विचारतात आणि मग घरची नावे कधी सापडतात, कधी नाही. तसेच अँड्रॉइड फोनमधील 'प्रायव्हेट डी.एन.एस.' चालू असेल तर तो फोन नातूरला वगळून परस्पर बाहेर विचारू शकतो.

एवढा खटाटोप कशासाठी? आपले इंटरनेट समुद्रातळच्या केबलींवर अवलंबून आहे. जानेवारी २००८ च्या अखेरीस अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि १ फेब्रुवारीला दुबई-ओमान दरम्यानची फाल्कन केबल तुटली. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबली तुटून भारत आणि अमिरातीतील सेवा मंदावली. अशा वेळी बाहेरचे जग नातूर आणून देऊ शकत नाही. पण आजीच्या आवाजातील गोष्टी, मुलांचे फोटो, पासपोर्टच्या प्रती घरातल्या डिस्कवर असतील, तर त्या नावाने सापडत राहतात. घरातली वस्तू घरात सापडण्यासाठी समुद्रापलीकडच्या कोणाची गरज पडू नये.

एक खुलासा आवश्यक आहे. ही व्यवस्था अमिरातीत बंद असलेली संकेतस्थळे उघडण्यासाठी नाही. तशी आडवाट काढणे इथल्या कायद्यात बसत नाही आणि नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्याने तो विचारही करू नये. बाहेरची नावे कंपनीच्याच सेवेकडे पाठवण्याचे हेही एक कारण.

शेवटची गोष्ट तंत्राची नाही. आपल्यापैकी अनेकांना कामानिमित्त आठवडेच्या आठवडे बाहेर राहावे लागते. नातूर बंद पडला तर सगळ्या घराचे इंटरनेट बंद पडल्यासारखे वाटते, मुलांचा अभ्यास अडतो, पुण्याहून आलेल्या आईवडिलांचे गावाकडचे फोन थांबतात. म्हणून राउटर पूर्ववत कसा करायचा, हे चार ओळींत मराठीत लिहून तो कागद राउटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा आणि आपण घरी असताना एकदा दुसऱ्या कोणाकडून तो वाचून तसे करवून घ्यावे. जी सोय फक्त एकाच माणसाला चालू-बंद करता येते, तिला घराची सोय म्हणता येत नाही.